तंबाखूच्या पानापासून सुरुवात: वनस्पती जनुक-अभियांत्रिकीत नव्याने येणाऱ्यांसाठी

बीएस्सी कृषी किंवा बायोटेक संपवून जी मुलं या क्षेत्राकडे वळतात, त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा डीएनए असतो. तो कापायचा, जोडायचा आणि पिकात घालायचा. ही जोडणी आता दोन-तीन आठवड्यांत होते आणि नाहीच जमली तर पैसे देऊन बाहेरून करून घेता येते. विकत मिळत नाही ती पुढची गोष्ट. जनुक शिरलेल्या एका पेशीपासून मुळं, पानं, फुलं असलेलं अख्खं रोप उभं करावं लागतं आणि त्या रोपात जनुक खरंच आहे हे स्वतःलाच शंका उरणार नाही इतक्या काटेकोरपणे दाखवावं लागतं. पीएचडीची वर्षं या दोन कामांत जातात. म्हणून पहिले सहा महिने टिश्यू कल्चरला (पेशींपासून बाटलीत रोप वाढवण्याला) आणि कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, प्लेटांना द्यावेत. हा हात बसला की पुढे कुठलंही पीक घेता येतं.

शिकण्यासाठी तंबाखू घ्या. पानाच्या तुकड्यांवर अॅग्रोबॅक्टेरियम हा जनुक झाडात पोहोचवणारा जिवाणू लावून रोपं मिळवण्याची पद्धत १९८५ साली प्रसिद्ध झाली आणि आजही नवख्या माणसाला ती जवळजवळ हमखास यश देते. तंबाखूच्या पानाची कडा हार्मोनला लगेच प्रतिसाद देते, एका बोंडात ढीगभर बी येतं आणि बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे बसतात. थेट तूर किंवा कापूस हातात घेतला आणि वर्षभर एकही फुटवा आला नाही, तर चूक हाताची, मीडियाची (पेशी ज्या पोषणद्रव्यावर वाढतात त्याची) की पिकाच्या स्वभावाची हे कळतच नाही. तंबाखूत फुटवा आला नाही तर चूक आपलीच असते आणि ती शोधता येते.

मीडिया

मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूसाठीच बसवलेला एमएस मीडिया आजही जगभर चालतो. एक लिटरसाठी जीवनसत्त्वांसह तयार पावडर ४.४ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, आगर ८ ग्रॅम. फुटव्यांसाठी बीएपी १ मिलिग्रॅम आणि एनएए ०.१ मिलिग्रॅम. ही दोन्ही हार्मोन्स पाण्यात नीट विरघळत नाहीत. १०० मिलिग्रॅम पावडर आधी एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या थेंबांत विरघळवा, मग पाणी घालून १०० मिली करा. म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम बसतं आणि पुढचा सगळा हिशेब तोंडी होतो. एका लिटरला बीएपीचं १ मिली, एनएएचं ०.१ मिली.

पीएच ५.८ ला आणायचा तो आगर घालण्याआधी. मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर तपासलेला असावा. पीएच ५ च्या खाली गेला तर आगर नीट धरत नाही, प्लेट उलटी केली की घसरते. आणि त्याचं खापर आगरच्या नव्या डब्यावर फुटतं. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, २० मिनिटं. मोठ्या फ्लास्कमध्ये २ लिटर भरून तेवढाच वेळ दिला तर मधला भाग पुरेसा तापत नाही. ५०० मिलीच्या बाटल्या बऱ्या.

अँटिबायोटिक दोन लागतात: सेफोटॅक्सिम काम झाल्यावर जिवाणू मारते आणि कॅनामायसिन जनुक न शिरलेल्या पेशी मारते, कारण आपल्या जनुकासोबत कॅनामायसिनला तोंड देणारं जनुकही घातलेलं असतं. मीडिया ५० अंशांच्या आसपास आल्यावरच त्यात ती घालायची. थर्मामीटर हाताशी नसेल तर बाटली उघड्या हातात चटका न बसता धरून ठेवता येते का ते बघा. गरम मीडियात घातलेली सेफोटॅक्सिम बरीचशी तिथेच निकामी होते आणि दहा दिवसांनी प्लेटवर जिवाणूंचा चिकट पांढरा थर आला की सगळे लॅमिनारच्या (निर्जंतुक हवेच्या टेबलाच्या) फिल्टरला दोष देतात. कॅनामायसिनचा स्टॉक ५० मिलिग्रॅम प्रति मिली ठेवा. लिटरला २ मिली घातलं की १०० मिलिग्रॅम होतात. सेफोटॅक्सिमसाठी औषधाच्या दुकानातली १ ग्रॅमची इंजेक्शनची बाटली चालते: ४ मिली निर्जंतुक पाणी घातलं की साधारण २५० मिलिग्रॅम प्रति मिली. लिटरला १ ते २ मिली. हे द्रावण फिकट पिवळं असतं. गडद पिवळं किंवा तपकिरी झालं की टाकून द्यायचं, ते जपून ठेवण्यात काही बचत नाही.

बी निर्जंतुक करताना ७० टक्के अल्कोहोल १ मिनिट, मग बाजारातल्या ब्लीचचं २० टक्के द्रावण १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणं. हे १.५ मिलीच्या छोट्या ट्यूबमध्येच करा. बी इतकं हलकं असतं की मोठ्या भांड्यात पाणी ओतताना निम्मं वाहून जातं. चार-पाच आठवड्यांत बाटलीत प्रयोगाजोगी पानं येतात.

जिवाणू आणि पान

अॅग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेशियन्स हा जिवाणू निसर्गात झाडाच्या खोडावर गाठी आणतो, कारण तो स्वतःच्या प्लाझ्मिडचा (सुट्या गोल डीएनएचा) एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. गाठी आणणारी जनुकं काढून त्या जागी आपल्याला हवं ते ठेवलं की तोच जिवाणू आपलं काम करतो. शिकायला एलबीए४४०४ किंवा जीव्ही३१०१ यांपैकी कुठलीही जात घ्या. तो २८ अंशांवर वाढतो आणि सावकाश वाढतो. प्लेटवर वसाहती दिसायला दोन दिवस लागतात. रात्री पसरलेल्या प्लेटवर सकाळीच टपोऱ्या वसाहती दिसल्या तर बहुधा तो ई. कोलाय हा झपाट्याने वाढणारा दुसराच जिवाणू आहे. तिथेच थांबा, पुढे जाऊ नका.

एक वसाहत ५ मिली वायईपी या जिवाणूच्या पोषणद्रव्यात दोन दिवस हलवत वाढवा. त्यातलं अर्धा मिली ५० मिलीमध्ये घालून रात्रभर ठेवा. ६०० नॅनोमीटरवर ओडी (द्रावणाच्या गढूळपणाचं माप) ०.५ ते ०.६ आली की सेंट्रिफ्यूज करून खालचा साका द्रवरूप एमएसमध्ये मिसळा आणि १०० मायक्रोमोलर अॅसिटोसिरिंगोन घाला. याचा स्टॉक १०० मिलिमोलर, म्हणजे १९.६ मिलिग्रॅम १ मिली डीएमएसओ या द्रावकात. लिटरला १ मिली पुरतं. जखमी झाडातून बाहेर पडणारा हाच पदार्थ जिवाणूला ‘इथे वाट आहे’ असं सांगतो. जिवाणूचं जुनं पोषणद्रव्य काढणं आवश्यक आहे, नाहीतर ते पानासोबत प्लेटवर जातं आणि जिवाणू बेसुमार माजतो.

वरून दुसरं-तिसरं पान घ्या. मधली शीर सोडा. अर्धा ते एक सेंटिमीटरचे चौकोन धारदार ब्लेडने एका झटक्यात कापा. बोथट ब्लेडने कडा चेंगरते, ती काळी पडते आणि नेमकी कडाच तर आपल्याला हवी असते. तुकडे जिवाणूच्या द्रावणात ५ ते १० मिनिटं, मग निर्जंतुक टिपकागदावर टिपून अँटिबायोटिक नसलेल्या प्लेटवर दोन दिवस अंधारात. तापमान २२ ते २५ अंश. हे दोन दिवस सगळ्यात नाजूक. २८ अंशांच्या वर गेलं की जिवाणू जिवंत राहतो, वाढतोही, पण डीएनए पोहोचवणारी त्याची यंत्रणा मंदावते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये रात्री कल्चर रूमचा एसी बंद पडला, सकाळी पुन्हा सुरू झाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही आणि तीन आठवड्यांनी एकही हिरवा फुटवा नाही, असं घडतं. किमान-कमाल तापमानाची नोंद ठेवणारा साधा थर्मामीटर रॅकवर ठेवा, महागाच्या उपकरणांआधी तो घ्या.

दोन दिवसांनी तुकडे सेफोटॅक्सिमच्या पाण्यात धुवून कॅनामायसिन आणि सेफोटॅक्सिम असलेल्या फुटव्याच्या मीडियावर ठेवा. एका ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये दहा-बारा तुकडे पुरे. प्रकाश १६ तास, अंधार ८ तास. दर दोन आठवड्यांनी नवीन प्लेट, कारण अँटिबायोटिकचा जोर तेवढाच टिकतो.

आता ज्या चार प्लेटांवर सगळं उभं आहे त्या. पहिली: जिवाणू न लावलेलं पान, कॅनामायसिन नाही. इथे भरपूर फुटवे यायलाच हवेत. आले नाहीत तर हार्मोन किंवा पान खराब. दुसरी: जिवाणू न लावलेलं पान, कॅनामायसिनसह. हे पांढरं पडून मरायला हवं. हिरवं राहिलं तर कॅनामायसिन निकामी. तिसरी: आपलं प्लाझ्मिड नसलेला जिवाणू लावलेलं पान, कॅनामायसिन आणि सेफोटॅक्सिमसह. तेही मरायला हवं आणि प्लेट स्वच्छ राहायला हवी. चौथी: प्रत्यक्ष प्रयोग. पहिल्या तीन प्लेटा वाया जातात असं वाटून नवखी मुलं त्या गाळतात आणि मग चौथीत आलेल्या हिरव्या फुटव्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. मार्गदर्शक घाईत असले, मीडिया कमी पडत असला, तरी प्रयोगाचे तुकडे कमी करा. या तीन प्लेटा गाळू नका.

प्लेट वाचायला शिकणं

पहिल्या आठवड्यात पानाचा तुकडा फुगतो, दुप्पट होतो, थोडा वळतो. दहाव्या-बाराव्या दिवशी बराचसा भाग फिकट पडू लागतो आणि कापलेल्या कडेवर कुठे कुठे खसखशीएवढे गर्द हिरवे ठिपके दिसतात. भिंगातून पाहिलं तर ठिपक्याचा पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार असतो. विसाव्या दिवसापर्यंत त्यातल्या काहींना टोक फुटतं, त्यावर बारीक लव येते आणि पहिलं पान उलगडतं. ही जागा रोज पाहायची सवय लावा, प्लेट न उघडता. फोटो काढताना तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवा.

सगळेच हिरवे फुटवे खरे नसतात. वळलेल्या तुकड्याची कडा मीडियापासून वर उचलली जाते, तिथे कॅनामायसिन पोहोचत नाही आणि साधा फुटवा निवांत वाढतो. शेजारच्या खऱ्या फुटव्यांच्या आडोशानेही असे वाचतात. खरी परीक्षा मुळांची. फुटवा दीड-दोन सेंटिमीटरचा झाला की बुडाशी कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) न घेता कापून, अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, कॅनामायसिन लिटरला १०० मिलिग्रॅम ठेवून लावा. खरा असेल तर दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं मीडियात खोल उतरतात. खोटा तसाच हिरवा उभा राहतो, मुळाचा पत्ता नाही आणि मग पिवळा पडतो. काचेसारखी पारदर्शक, ठिसूळ पानं आली तर बाटलीत ओल जास्त किंवा बीएपी जास्त. आगर थोडं वाढवा आणि हार्मोन कमी करा.

एकाच तुकड्याच्या एकाच जागेवरून आलेले चार फुटवे म्हणजे चार वेगळी रोपं नव्हेत, ती बहुधा भावंडं असतात. एका जागेचा एकच फुटवा उचला आणि त्याला नंबर द्या: प्लेट ७, तुकडा ३, फुटवा १. जनुक गुणसूत्रावर कुठे बसलं यावर त्याचं काम अवलंबून असतं, त्यामुळे १५ ते २० स्वतंत्र रोपं हातात असल्याशिवाय ‘जनुक चालतं’ किंवा ‘चालत नाही’ असं म्हणू नये.

बाहेर काढताना मुळांवरचं आगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, चिकटून राहिलं तर त्यातल्या साखरेवर बुरशी येते. ओलसर कोकोपीटमध्ये लावून वर पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास पालथा घाला. चौथ्या-पाचव्या दिवशी ग्लासाला एक भोक, मग दोन, दहाव्या दिवशी ग्लास काढा. बाटलीत वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, रंध्रंही नीट मिटत नाहीत. एकदम उघड्यावर आणलेलं रोप दुपारपर्यंत मान टाकतं.

पुरावा

रोपातला डीएनए सीटॅब या रसायनाच्या पद्धतीने काढून पीसीआर (ठरावीक डीएनए तुकड्याच्या प्रती वाढवून तो आहे का ते दाखवणारी चाचणी) लावला आणि जेलवर पट्टी आली की मुलं पेढे वाटतात. थोडं थांबा. पानाच्या पेशींमध्ये लपून राहिलेल्या अॅग्रोबॅक्टेरियममध्येही तेच प्लाझ्मिड आहे आणि पीसीआरला दोन्ही सारखेच. म्हणून जिवाणूच्या ज्या डीएनएची झाडात जाण्याची अपेक्षा नाही, उदाहरणार्थ डीएनए पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या विर-जनुकांपैकी एखादं, त्याचाही पीसीआर त्याच नमुन्यावर करा. ती पट्टी येता कामा नये. गस या खुणेच्या जनुकाने निळा रंग पाहणार असाल तर मध्ये इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी काढून टाकावा लागणारा तुकडा) असलेलं गस वापरा. जिवाणूला इंट्रॉन काढता येत नाही, त्यामुळे निळा रंग आला तर तो झाडाच्याच पेशीचा असतो.

पक्का पुरावा पुढच्या पिढीत मिळतो. फुलोऱ्यावर कागदी पिशवी बांधून स्वपरागित बी घ्या आणि कॅनामायसिनवर १०० बिया पेरा. जनुक एकाच जागी बसलं असेल तर तीन हिरव्या, एक पांढरी असं प्रमाण येतं. समजा ७२ हिरव्या, २८ पांढऱ्या आल्या. अपेक्षा ७५ आणि २५ ची. फरक ३; वर्ग ९; नऊ भागिले ७५ म्हणजे ०.१२, नऊ भागिले २५ म्हणजे ०.३६, बेरीज ०.४८. ही काय-वर्ग चाचणीच्या ३.८४ या मर्यादेपेक्षा खूप कमी आहे, म्हणजे तीनास एक हे प्रमाण मान्य. ९४ आणि ६ असं आलं तर पंधरास एक, बहुधा दोन वेगळ्या जागी जनुक आहे. प्रतींची नेमकी संख्या सदर्न ब्लॉट या डीएनए-चाचणीनेच सांगावी. पेरणीपासून इथपर्यंत तंबाखूतही सात-आठ महिने सहज जातात, वेळापत्रक तसंच आखा.

पिकांचे स्वभाव

तंबाखूवर हात बसला की पिकाकडे जाताना जातीची निवड आधी करा, जनुकाची नंतर. कापसात जगभर वर्षानुवर्षं कोकर ३१२ ही जात वापरली गेली, कारण तिच्यातूनच रोप मिळतं. देशातल्या चांगल्या जाती प्रयोगशाळेत हट्टी निघतात. जनुक कोकरमध्ये घालायचं आणि मग साध्या संकरणाने सहा-सात पिढ्यांत आपल्या जातीत आणायचं, हाच रस्ता. भारतात २००२ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या बीटी कापसाचं जनुक याच वाटेने आलं.

भातात पक्व दाण्याच्या भ्रूणाजवळच्या स्क्युटेलमपासून २,४-डी या हार्मोनच्या लिटरला २ मिलिग्रॅमवर कॅलस घेतात आणि निवडीसाठी कॅनामायसिन नव्हे, हायग्रोमायसिन ५० मिलिग्रॅम. कारण तृणधान्यं कॅनामायसिनला मुळातच फारशी दाद देत नाहीत. जॅपोनिका जाती सोप्या, आपल्याकडच्या इंडिका अवघड. ज्वारीचे कोवळे भ्रूण फिनॉलने मीडिया तपकिरी करून स्वतःच मरतात. दर चार-पाच दिवसांनी जागा बदलावी लागते. हरभऱ्यात फुटवे येतात पण मुळं धरत नाहीत, म्हणून फुटव्याची कलम बाटलीतल्याच रोपाच्या खुंटावर बांधतात. खत आणि पाण्याच्या भाषेत पिकं ओळखणाऱ्या शेतकरी घरातल्या मुलांना हा भाग लवकर उमगतो. रोप काय सांगतंय हे पाहायची नजर त्यांच्याकडे आधीच असते.

झाडातून लस

प्रतिबंधक औषधांच्या बाजूला जायचं असेल तर कामाची चाल वेगळी. १९९२ साली हिपॅटायटिस बीचं पृष्ठ-प्रथिन तंबाखूत तयार झालं, १९९८ मध्ये लसीचं प्रथिन असलेले कच्चे बटाटे माणसांना खाऊ घालून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि ‘लस असलेलं केळं’ ही कल्पना शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचली. ती तशी उतरली नाही. एका फळात किती मात्रा आहे हे दुसऱ्या फळावरून सांगता येत नाही आणि लसीला मात्रा नेमकीच लागते. आज झाड हा कारखाना आहे. प्रथिन काढून, शुद्ध करून, मोजून कुपीत भरायचं. गाजराच्या पेशींत बनवलेलं गोशे या आनुवंशिक आजाराचं एन्झाइम अमेरिकेत २०१२ साली मान्य झालं. निकोटियाना बेंथामियाना या ऑस्ट्रेलियातल्या रानतंबाखूच्या पानात बनवलेली कोविडची लस कॅनडाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केली. ती बनवणारी मेडिकागो कंपनी मात्र वर्षभरात बंद झाली. तंत्र सिद्ध झालं तरी धंदा टिकेलच असं नाही, हे करिअर ठरवताना मनात असू द्या.

इथे जनुक कायमचं बसवायची गरज नसते. चार-पाच आठवड्यांचं, अजून फुलावर न आलेलं बेंथामियाना घ्या. जिवाणू १० मिलिमोलर एमईएस बफर, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, पीएच ५.६ आणि १५० मायक्रोमोलर अॅसिटोसिरिंगोन यांच्या द्रावणात, ओडी ०.५, दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला ठेवा. पी१९ जनुक असलेला दुसरा जिवाणू सोबत मिसळा; झाड परक्या आरएनएची जी मोडतोड करतं ती तो रोखतो. झाडाला सकाळी पाणी देऊन उजेडात ठेवा म्हणजे रंध्रं उघडी असतात. मग सुई काढलेली १ मिलीची सिरिंज पानाच्या खालच्या बाजूला टेकवा, वरून बोटाचा हलका आधार द्या आणि दट्ट्या सावकाश दाबा. पानात ओला गडद डाग पसरत जातो, मोठ्या शिरेपाशी थबकतो. मग शिरेपलीकडे दुसऱ्या जागी टेकवायचं. डाग पसरतच नसेल तर जोर लावू नका, झाड तहानलेलं आहे किंवा पान जून आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सिरिंज निसटली की जिवाणूंचं द्रावण थेट तोंडावर उडतं.

सोबत एका पानात जीएफपीचं (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं) जनुक असलेला जिवाणू आणि एका पानात नुसतं पी१९ सोडा. चौथ्या दिवशी अंधारात अतिनील दिवा धरला की साधं पान लालसर आणि जीएफपीचं हिरवं चमकतं. ते चमकलं आणि आपलं प्रथिन आलं नाही तर दोष आपल्या जनुकात; तेही चमकलं नाही तर जिवाणूत किंवा झाडात. पाचव्या-सहाव्या दिवशी पानं तोडा. जेलवर ५५ किलोडाल्टनच्या आसपास रुबिस्कोची (पानातल्या सगळ्यात मुबलक प्रथिनाची) जाड पट्टी असते; आपलं प्रथिन त्याच वजनाचं असेल तर ते तिच्याखाली झाकून जातं आणि वेस्टर्न ब्लॉटशिवाय (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीशिवाय) दिसत नाही. अर्काचा पीएच ५ कडे आणला की बराचसा रुबिस्को खाली बसतो, पण आपलं प्रथिन त्या पीएचला टिकतं का हे आधी १ मिलीवर पाहा. आणखी एक अडचण साखरेच्या साखळ्यांची: वनस्पती प्रथिनांवर झायलोज आणि फ्युकोज अशा रीतीने जोडतात की तशी जोडणी माणसात नसते. त्यासाठी ही जोडणी बंद केलेली बेंथामियानाची खास वाणं तयार झाली आहेत.

शेतात गेल्यावर आणि कायद्यापाशी

जनुक कितीही चांगलं असलं तरी शेतात त्याला एकटं सोडता येत नाही. बीटी कापसात २००६ पासून दोन जनुकांचा बोलगार्ड २ आला, तरी गुलाबी बोंडअळीने दोन्हींना दाद देणं सोडलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याची किंमत मोजली. अळीत प्रतिकार लवकर वाढू नये म्हणून लावायच्या बीटी नसलेल्या कापसाच्या आश्रय-ओळी फारशा कुणी लावल्या नाहीत. हंगाम लांबवून मार्चपर्यंत उभी ठेवलेली पिकं अळीला घर झाली. प्रयोगशाळेतल्या माणसालाही हे माहीत हवं. जालन्यात विकसित झालेल्या बीटी वांग्यावर भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली आणि बांगलादेशने २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. तुमच्या कामाचं पुढे काय होईल हे प्लेटवर ठरत नाही.

कायद्याचा पाया पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम. प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असते, तिच्या वर आरसीजीएम (जनुकीय फेरफारांची पुनरावलोकन समिती) आणि शेवटी जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती). शेतातल्या चाचणीला राज्य सरकारची संमतीही लागते. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्या प्रकल्पाचा समितीपुढचा मंजुरी क्रमांक विचारून घ्या. वापरलेली प्रत्येक प्लेट, माती आणि मुळंसुद्धा ऑटोक्लेव्ह करूनच टाका. ट्रान्सजेनिक बी घरच्या कुंडीत ‘बघू तरी’ म्हणून नेणं हा गुन्हा आहे.

क्रिस्पर (ठरलेल्या जागी डीएनए कापून जनुक बदलण्याचं तंत्र) शिकणाऱ्यांसाठी मार्च २०२२ चा बदल मोठा आहे. परका डीएनए शिल्लक नसलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (ठरलेल्या जागी लहान बदल केलेल्या) रोपांना १९८९ च्या नियमांतल्या नियम ७ ते ११ मधून सूट मिळाली. मे २०२५ मध्ये कमला आणि पुसा डीएसटी राइस १ ही जनुकसंपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली. पण सूट मिळवायची तर डीएनए कापणाऱ्या कॅस९ प्रथिनाचं जनुक पुढच्या पिढीत विभाजनाने बाहेर पडल्याचं दाखवावं लागतं, म्हणजे पुन्हा तेच: फुटवा, मूळ, बी, प्रमाण. क्रिस्परनेही टिश्यू कल्चर टळत नाही.

शिक्षण आणि नोकरी

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी जैवतंत्रज्ञान शिकता येतं. पदव्युत्तर प्रवेशाला राज्याची सीईटी आणि देशपातळीवर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा. सर्वसाधारण बायोटेकवाल्यांसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा. पीएचडीच्या फेलोशिपसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट ही परीक्षा. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संस्था, मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र इथल्या प्रकल्प-सहायकाच्या जागांवर नजर ठेवा. जागा निवडताना संस्थेच्या नावाआधी दोन गोष्टी पाहा: तिथे रोज कुणी मीडिया करतं का आणि ग्रीनहाउसमध्ये जिवंत झाडं आहेत का.

नोकरी बियाणे कंपन्यांत, नियामक कागदपत्रांच्या कामात, प्रथिन शुद्धीकरणात मिळते. पण ज्यांना लगेच पीएचडी नको त्यांनी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये वर्षभर काम करावं असं आम्ही आग्रहाने सांगू. जळगावच्या पट्ट्यात ग्रँड नैनची रोपं प्रचंड संख्येने तयार होतात. तिथे दिवसाला शेकडो बाटल्या हाताखालून जातात. चिमटा आचेवर किती धरायचा, बाटलीचं तोंड किती तिरकं ठेवायचं, जिवाणूचा धूसर ढग आणि बुरशीचा कापूस दुरून कसा ओळखायचा, हे अंगात भिनतं. मुलाखतीत अशा उमेदवाराला एक दूषित बाटली दाखवली की तो तिचं कारण सांगतो.

जूनमध्ये रुजू होणार असाल तर पावसाळ्यात हवेत बुरशी वाढते हे धरून चाला. कल्चर रूममध्ये ओल मोजा, एसीचे फिल्टर धुवून घ्या, बाटल्यांची तोंडं फिल्मने गुंडाळा. पहिल्या सोमवारी मीटर तपासा आणि दोन लिटर एमएस करा. मंगळवारी बी पेरा, कॅनामायसिन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही प्लेटांवर. बाटल्यांसाठी पुरेल एवढं त्याच वाणाचं, जनुक न घातलेलं बी वेगळ्या डब्यात, तारीख लिहून, फ्रीजमध्ये ठेवा. तेच पुढे वर्षभर तुमचं कंट्रोल असणार आहे.